ट्रॉटियरची जुनी खुंटी

सुज्ञ वाचकहो, एका चुकलेल्या अदलाबदलीची आणि तिच्या पोटी जन्मलेल्या प्रीतीची कथा मी यथामती आपणांपुढे ठेवीत आहे. ती आमच्या पॉप्लर क्रॉसिंग गावची आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आइस हॉकीच्या मालिकेतील अखेरच्या सामन्याची ती सायंकाळ होती. बाहेर हिम भुरभुरत होते. खेळाडूंच्या पातेदार बुटांना धार लावणारी लॅरिसा डेमचुक तयार स्केट घेऊन यजमान संघाच्या खोलीत शिरली — आणि दारातच थबकली. कोपऱ्यातील खुंटीखाली पाहुण्या संघाचा गोलरक्षक रीस ट्रॉटियर निवांत बूट सोडीत बसला होता.

गतवर्षापर्यंत ती खुंटी त्याचीच होती. परगावच्या खेळाडूंनी गावातील कुटुंबांत राहावे, ही आमची रीत. रीस डेमचुकांच्या घरी राहत असे. तरीही संघाचे व्यवस्थापक असलेले लॅरिसाचे वडील ऑरेस्ट यांनी एका नावाजलेल्या आघाडीच्या खेळाडूच्या मोबदल्यात त्याला दुसऱ्या संघास देऊन टाकले. तो खेळाडू नाताळापूर्वीच संघ सोडून गेला. गाव हळहळले, ऑरेस्ट मात्र ‘चुकलो’ हा शब्द काही उच्चारीनात.

“साहेब, आपली खोली पलीकडे,” लॅरिसा म्हणाली.

रीसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पाय आपोआप वळले गं...”

“पायांना सांग, अदलाबदल झाली म्हणून.”

“सांगितलंय. मनाला अजून पटत नाही.” त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. “तू निरोप द्यायलाही आली नाहीस. वाटलं, तूही बाबांच्याच बाजूची.”

“आले असते, तर जाऊ नको म्हणाले असते... दे ते स्केट. पाहुण्यांच्या स्केटनाही धार मीच लावते.”

“बोथट करशील.”

“तसला हात नाही माझा. हरलास तर स्वतःच्या खेळानं हर.”

धार लावण्याच्या चाकावरून ठिणग्या उडाल्या. स्केट परत घेताना त्याची बोटे तिच्या बोटांवर किंचित रेंगाळली.

“पुढच्या वर्षी इथंच परत यावं म्हणतो.”

“नको. आमचा नवा पोरगा छान गोल राखतो. खुंटी त्याचीच राहू दे. संघाला तू परत नकोस, रीस... मला हवास.” तिने मान ताठ केली. “पण चोरून भेटणार नाही मी. बाबांनी तुला घरातून घालवलं, बोलवायचंही त्यांनीच.”

सामना सुरू झाला. अंतिम क्षणी आमच्या कप्तानाचा वेगवान फटका रीसने आडवे पडून अडविला, आणि आमचा हंगाम संपला. मालिकेअंती दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतात. त्या रांगेच्या शेवटी, साध्या बुटांनी घसरत, ऑरेस्ट येऊन उभे राहिले.

“पोरा, तुला दिलं ते चुकलंच माझं,” ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. “आज आम्हाला हरवलंस, तरी छाती फुगली बघ. धार शेवटी आमच्या घरची. जेवायला चल, पेरोगी केल्यात, तुझ्या आवडत्या बटाट्याच्या करंज्या. टेबलाशी तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे.”

“आणि... लॅरिसा?”

“तिची अदलाबदल माझ्या हातात नाही बाबा. तिलाच विचार.”

विचारण्याची गरजच उरली नाही. लॅरिसा बर्फावर उतरली होती. लोकरी हातमोजा काढून तिने रांगेतल्या इतरांप्रमाणेच हात पुढे केला — आणि बाकीचे सारे आपापल्या खोल्यांकडे परतले, तरी रीसचा हात सोडला नाही.

आपण ही कथा वाचलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
वॉल्टर प्रोकोप, पॉप्लर क्रॉसिंग