घळीतला दोर

नकाशावर ती नदी घळीच्या तोंडाशी येऊन संपत होती. पुढे नुसता कोरा कागद! तो भरून काढायलाच ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघेही मोजणीदार, निघाले होते.

सपाटीवर नदी गुडघाभर आणि म्हशीसारखी आळशी. घळीत शिरल्यावर मात्र बाईसाहेबांचा नूरच पालटला. प्रत्येक वळणावर ती बाहेरचा काठ पोखरत होती आणि हाती लागेल ते, वाळू, ओंडके, कुणाची तरी चप्पलसुद्धा, आतल्या काठावर फेकून देत होती. तिची ही खोड ताई सकाळपासून पाहत होती.

आता एकच वळण उरलं. मोजणीचा नियम ताईच्या अंगात भिनलेला: आकडा ऐकू येईपर्यंत दोराचं टोक सोडायचं नाही. ती दोराचं एक टोक धरून वरच्या अंगाला काठावर उभी राहिली. काठीने खोली मोजायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून भावाने आपलं टोक कमरेला बांधलं.

“अरे, कमरेला नको, हातात धर!”

“ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

तो नदीच्या मध्यावर पोचला आणि पाणी गढूळ झालं. पाठोपाठ पाचोळा वाहत आला. वर कुठेतरी पाऊस कोसळला होता!

“मागे फिर!”

उशीर झाला होता. लोंढा आला. भाऊ आडवा झाला. दोराला हिसका बसला! ताईने पाय दगडाला रोवले आणि सगळा जीव एकवटून ओढलं. पण दोर जसा ताणला जाई, तसं त्याचं डोकं पाण्याखाली जाई. ती धरून होती, म्हणूनच तो बुडत होता! बोटं उघडेनात. सोडलं आणि गेला तर? आईला काय तोंड दाखवायचं?

तिने खालच्या वळणाकडे पाहिलं. आतल्या काठावर ओंडक्यांचा ढीग पडला होता. तिने दोर सोडला.

डोकं वर आलं. गेलं. पुन्हा आलं आणि वळणाआड दिसेनासं झालं! ताई ठेचकाळत धावली, भावाला हाका मारत, नदीला शिव्या घालत.

तो ओंडक्यांपाशी वाळूत पालथा पडला होता, जिवंत!

“दोर का सोडलास?” तो खोकत ओरडला. “एवढं एकच वळण राहिलं होतं!”

“राहू दे. आपण घरी चाललोय.” ती त्याच्या कमरेची गाठ सोडू लागली.

“पण सोडलास का?”

“सोडला, म्हणून तर विचारायला उरलास, गाढवा!” ती म्हणाली आणि त्याला घट्ट धरून रडू लागली.