वेणूची वाटी

मोखाड्याहून जव्हारला बैलगाडी येईल असा रस्ता आखायचा, म्हणून वैशाखात मी निघालो. पावसाआधी आखणी जव्हारच्या दरबारात पोचली नाही, तर रस्ताच बारगळणार होता. सोबत सूर्यमाळचे दोघे भाऊ, जिवा आणि तुका, एक पोतं खुंट्या आणि उतार मोजायची माझी लाडकी पाणसळ.

नकाशावर पट्टी ठेवून मी कड्यावरून सरळ रेघ ओढली होती. जिवा म्हणाला, "वामनसाहेब, तिथून शेळीपण नाय उतरत."

मी हसलो. अक्कल काय ती मलाच होती ना!

तिसऱ्या दिवशी कड्यावर खुंटी ठोकताना दगड सुटला. मी घसरलो! करवंदीची जाळी हाताला लागली. तुटली! तुकाने झेप घेऊन मनगट धरलं. मी वाचलो, पण पाय मोडला आणि पाणसळ दरीत फुटली. आता कसला रस्ता? मला रडू आवरेना.

दोघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. जिवाने कमरेची पितळी वाटी सोडली, पाणी भरून माझ्या पोटावर ठेवली. "अडल्या बाईला नेताना ठेवतो. पाणी सांडलं, म्हंजे खांदेकरी चुकले."

ते कड्याकडे पाठ फिरवून चालू लागले.

"अरे, जव्हार तिकडे!"

"हाय ना. पण ही अडल्या बायांना न्यायची वाट. लांब पडते."

ती वाट प्रत्येक डोंगराला वळसा घालत, मोहाच्या सावलीतून, ओढा उथळ असेल तिथेच ओलांडत हळूहळू उतरत होती. पाणी हलायचं, सांडत नव्हतं. तासाभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटावर पाणसळच तर होती!

मग ते खांदा बदलायला थांबले की तिथे मी एक खुंटी ठोकून घ्यायचो. एका ओढ्यापाशी पाणी सांडलं. दोघे मला घेऊन मागे फिरले, थोडं वरून गेले, पुन्हा वाटी भरली. जिवाचा खांदा सोलवटला होता.

"वाटी कुणाची रे?" मी विचारलं.

"माझ्या बायकोची, वेणूची. गेल्या साली ह्याच वाटेनं नेली तिला. थेंब नाय सांडला." त्याने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. "पण पायी लय उशीर झाला. वाटेतच गेली."

मी त्याचा हात धरला. सोडवेना.

पावसाआधी आखणी दरबारात गेली. सरळ रेघ मीच फाडली होती. कागदावर एक रकाना होता: मोजणीचे साधन. मी लिहिलं, वेणूची वाटी.