माझ्या जागी बसलेला

हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल पान उलटावं, मी कुणाच्या हातापाया पडायला आलेलो नाही.

साल १९६६, श्रावण महिना. लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. शेठ उन्हाळ्यात यायचा. बाकी वर्षभर बंगला केरबाच्या ताब्यात. केरबा तिथला माळी आणि माझा जिवाभावाचा दोस्त. असं मी तेव्हा समजत होतो.

दर शनिवारी दिवस मावळायला आम्ही चौघं बंगल्याच्या मागच्या खोलीत जमायचो. केरबा गायचा. सीताराम चिक्कीच्या दुकानात कामाला होता, तो पेटीवर. आंबी गावचा गोरख बेंजोवर. आणि ढोलकीला मी, अंबाजी, रेल्वेत खलाशी.

हॉटेलातल्या रेडिओवर सिनेमाची गाणी ऐकायची आणि शनिवारी तीच बसवायची. हा सगळा मेळ मीच जमवला होता. केरबाला तर गायला तोंड उघडायची लाज वाटायची. त्याला मी बसवला.

आमची एक कटकट होती. पावसाळ्यात लोणावळ्याचं धुकं घरात शिरतं. ढोलकीचं कातडं दमट होतं, आवाज बसतो. दोन गाणी झाली की मला ती शेगडीवर शेकायला लागायची. तोवर सगळे हात बांधून बसून.

सीताराम वैतागायचा. "झालं का रं तुझं? सगळा रंग जातोय."

"कातडं हाय ते, पत्रा न्हाई," मी म्हणायचो.

त्या वर्षी तळेगावच्या गणपतीत आमचा कार्यक्रम ठरला. पहिल्यांदाच स्टेजवर! माझ्या आईनं तर आळीभर सांगून ठेवलेलं. मी त्या दिवसाची रजाही टाकली होती.

आणि नेमकी मला दुपारपाळी लागली. शनिवार गेले.

केरबानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू घोर लावून घेऊ नगंस. तुझ्याबिगर आमी वाजवत न्हाई."

माझ्या घराला गळती होती, म्हणून ढोलकी मी त्याच्याच खोलीत ठेवली.

पुढं एका शनिवारी साहेबानं लवकर सोडलं. म्हटलं, चला, दोस्तांचं तोंड तरी बघू. तसाच कामाच्या कपड्यात निघालो. दिवस अजून होता, पण धुकं असं की हात लागेपर्यंत फाटक दिसेना.

फाटक उघडलं आणि...

ढोलकी ऐकू आली.

अंगाची लाही लाही झाली. म्हणजे दुसरा गडी आणला यांनी! माझ्या पाठीमागं, माझ्याच ढोलकीवर. त्यांच्या नावानं चार शिव्या हासडल्या आणि तावातावानं खोलीकडं निघालो.

अर्ध्या वाटेत पाय थांबले.

गाणं सुरू होण्याआधी दोन थापा देऊन क्षणभर दम धरायची मला खोड होती. चुकीची खोड, पण माझी.

आत तशाच दोन थापा पडल्या... आणि तसाच दम धरला.

मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. एक गाणं झालं. दुसरं झालं. तिसरं लागलं. चौथं, पाचवं...

कुणी थांबेना.

त्या धुक्यात, त्या ओलीत, ढोलकी जराही उतरत नव्हती. शेगडीचा वास नाही. सीतारामची कुरकुर नाही. आणि काय सांगू, सुरेख वाजत होती. मी जन्मात इतकी चांगली वाजवली नव्हती.

खिडकीच्या काचेवरचं पाणी पुसून आत पाहिलं.

केरबा, सीताराम, गोरख. तिघांच्या माना खाली. चौथ्याकडं कुणी बघतच नव्हतं.

चौथा पाठमोरा बसला होता. खाकी सदरा. उजव्या खांद्यावर ग्रीसचा डाग.

मी माझ्या खांद्याकडं पाहिलं. दुपारीच लागलेला डाग... अजून ओला होता.

माझ्या तोंडून आवाज फुटला असावा. ढोलकी थांबली. मी दारावर धडका मारल्या.

दार केरबानं उघडलं. आत तिघंच.

माझ्या जागेवर ढोलकी पडली होती. मी बोट लावलं. कातडं थंडगार, इतकं ढिलं की बोट आत गेलं. त्यातून आवाज निघणंच शक्य नव्हतं.

"कोण वाजवत हुतं?"

केरबानं त्या दोघांकडं पाहिलं. मग म्हणाला, "आरं तूच की. आत्ता तर उठून भाईर गेलास."

"चेष्टा करतोस व्हय?"

"चेष्टा तूच करतुयास, अंबाजी," सीताराम म्हणाला.

गोरख बेंजो पुसत राहिला.

मला वाटलं, मला वेड लागलं. घरी गेलो तो तापानं फणफणलो. आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला. ताप हटेना. तळेगावच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी घोंगडीखाली पडून होतो. आई उशाशी होती, ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची विठाबाई मावशी आली. तिचा भाऊ तळेगावात राहायचा, कार्यक्रम तिनं तिथंच पाहिला होता.

"काय वाजीवलंस रं बाबा काल! लोकांनी डोक्यावर घेतलं तुला."

आईच्या हातातला तांब्या खाली पडला.

त्यानंतर मी बंगल्याकडं फिरकलो नाही. ते तिघंही आले नाहीत. ढोलकी मागायला माणूस धाडला, तर केरबानं निरोप दिला की कार्यक्रम झाल्यापासून ती सापडत नाही.

कैक वर्षं मी स्वतःलाच दोष देत राहिलो. माझ्यातच काहीतरी बिघाड असणार, दोस्तांना कशाला बोल लावायचा?

मग गोरख आजारी पडला. त्यानं मला आंबीला बोलावून घेतलं. खाटेवर पार वाळून गेला होता. मला बघून रडायलाच लागला.

"आमाला ठावं हुतं, अंबाजी."

"काय ठावं हुतं?"

"तो तू न्हाईस ते. पयल्या शनवारीच. भाईर धो धो पाऊस, आन् ह्यो आत आला तर पाय कोरडे. तुझ्या जाग्यावर जाऊन बसला. आमची बोबडी वळली. पन त्यानं थाप मारली, आन्..." त्यानं डोळे पुसले. "लय ग्वाड वाजवायचा रं. थांबायचा न्हाई, चुकायचा न्हाई. तळेगाव तोंडावर आलेलं."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"तू दारावर आलास तवा केरबानं डोळ्यानंच खुणावलं, खरं काय बी बोलायचं न्हाई."

"आन् तू ऐकलंस."

"ऐकलं." त्यानं माझा हात धरला. "आनि एक सांगायचं हाय. तळेगावला स्टेजवर चढायच्या आधी त्यो पयल्यांदा बोलला. तुझ्याच आवाजात..."

"काय बोलला?"

"म्हनला, अंबाजी घरी पडलाय. त्याला बरं करून हितं आनू का? म्या आपला जातो."

माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.

"मग?"

गोरखनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आमी तिघं बी म्हनलो... नगं."

गोरख त्याच महिन्यात गेला. मी मातीला गेलो नाही. केरबा अजून कधी बाजारात भेटतो, राम राम घालतो. मी घेत नाही.

ते काय होतं, मला माहीत नाही. माझं तोंड, माझा आवाज आणि माझी ढोलकी घेऊन ते कुठं गेलं, तेही माहीत नाही. शनिवारी दिवस कलला की मी अजून दाराला कडी घालतो.

पण राग विचाराल तर त्याच्यावर नाही. त्यानं तरी विचारलं होतं.