बासिलिया आजी वाटेतून उठली नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी पदरचं काही घालत नाहीये. हे माझ्या मावसबहिणीच्या, मिर्नाच्या बाबतीत घडलंय.

आणि तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

होंडुरासच्या किनाऱ्यावर, त्रुहियो शहराच्या पलीकडे, आमचं गारिफुना लोकांचं गाव आहे. त्या दिवशी बासिलिया आजीचा नववा होता, म्हणजे ती जाऊन नववा दिवस; आमच्यात त्या रात्री ढोल वाजवून प्रार्थना करतात.

आजीचं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, "तुझ्या बापाचं ढुंगण धुतलंय मी. एवढं पुरे."

नवरा समुद्राने नेला. सगळी पोरं तिने कसाव्याच्या भाकऱ्या विकून वाढवली. गारगोट्या ठोकलेल्या लाकडी किसणीवर ती कंद किसायची. खर्र... खर्र... आम्ही पोरं त्या आवाजावर झोपायचो, त्या आवाजावरच उठायचो.

हॉटेलवाले पहिल्यांदा किनाऱ्याला कुंपण घालायला आले, तेव्हा ती किसणी घेऊन थेट त्यांच्या जमीन सपाट करायच्या यंत्रासमोर जाऊन बसली.

"ए म्हातारे, ऊठ! चिरडली जाशील!" मुकादम ओरडला.

"चिरड की. पण एवढं किसून होऊ दे."

अख्खा दिवस तिचं किसून झालंच नाही. यंत्र माघारी गेलं.

आता ती नव्हती. ते परत येणार हे गावाला ठाऊक होतं. पण नवव्याच्या दिवशीच येतील, असं वाटलं नव्हतं.

घरात रात्रीच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. अंगणात पुरुष ढोल वाजवून बघत होते. मागच्या चुलीपाशी मिर्ना मासे साफ करत होती, तोमासा मावशी नारळ खवत होती.

आधी ढोल थांबले.

मग कुत्री गप्प झाली.

मग... समुद्र.

मिर्ना सांगते, लाटा दिसत होत्या. फुटत होत्या. पण आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत...

खर्र... खर्र...

"मावशी, कोण किसतंय गं?"

मावशीचा हात नारळावरच थांबला होता. तिने भिंतीकडे बोट केलं. आजीची किसणी खिळ्याला टांगलेली होती. कोरडी ठणठणीत.

"आवाज... किनाऱ्याकडून येतोय," मावशी पुटपुटली.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. "आले रे! यंत्र आलं!"

सगळे धावले.

नारळाच्या झाडांपाशी ते पिवळं धूड उभं होतं. इंजिन धडधडत होतं, पण यंत्र जागचं हलत नव्हतं. चालवणारा ओल्विन म्हणून कुणी होता. डोंगराकडचा माणूस. गावात कुणाच्या ओळखीचा नाही.

"चालव की!" मुकादम खेकसला.

"साहेब, आधी त्या आजींना उठवा."

"कुठल्या आजी?"

"त्या काय... समोर. किसतायत."

समोर वाळू होती. नुसती वाळू.

मुकादमाने शिवी हासडली. "मोकळं आहे सगळं! घाल पुढे!"

"तुम्हीच घाला," म्हणत ओल्विन खाली उतरला. त्याने टोपी काढली. रिकाम्या वाळूसमोर मान झुकवली. थोडा वेळ काहीतरी ऐकत राहिला.

मग तो गर्दीकडे वळला.

"तुमच्यात मिर्ना कोण?"

मिर्नाने हात वर केला.

"मी."

"त्या म्हणतायत... उभी काय राहिलीस?"

मिर्ना सांगते, तिला यंत्राची भीती नव्हती. भीती त्या जागेची होती. तरी ती गेली. खाली बसली.

चौफेर वाळू तापली होती. तिथली वाळू... गार होती.

कच्च्या कसाव्याचा वास आला.

आणि डावीकडून कुणीतरी तिला कमरेने ढोसलं. बाकावर जागा करून घ्यायला आजी ढोसायची, अगदी तसं.

पळून जावंसं वाटलं. ती जरा सरकली... पण उठली नाही.

मुकादम स्वतः यंत्रावर चढला. "उठतेस की नाही?"

"नाही उठत! माझी आजी उठली नाही, मी का उठू?"

"तुझी आजी मेली!"

"मग हात का थरथरतायत तुझे?"

खरंच थरथरत होते. सगळ्या गावाने पाहिलं.

तोमासा मावशी पुढे झाली. खोबऱ्याने माखलेले हात पुसत मिर्नाच्या उजवीकडे फतकल मारून बसली. मग शेजारणी आल्या. मग पुरुष ढोल घेऊन आले. आजीच्या नवव्याची प्रार्थना त्या रात्री घरात झालीच नाही. यंत्रासमोर झाली.

यंत्र गेलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं. मुकादम नवा, चालवणाराही नवा. बायका रांगेत बसलेल्याच होत्या. मधोमध मिर्ना.

चालवणाऱ्याने इंजिन सुरू केलं. बायकांकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं...

आणि त्याने इंजिन बंद केलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुमचं भांडण साहेबांशी आहे, ते मला कळतं. पण तुमच्या मागे त्या एवढ्या म्हाताऱ्या... त्या कोण?"

मागे फक्त पाणी होतं.

मिर्नाच्या मानेवर गार श्वास आला. एकाचा नाही. पुष्कळ जणींचा.

तिने वळून पाहिलं नाही.

"आमच्याच आहेत," ती ठणकावून म्हणाली. "सांग तुझ्या साहेबाला."

कुंपण अजून घातलं गेलेलं नाही. ते पुन्हा येतील, हेही आम्हाला ठाऊक आहे. मिर्ना रोज दुपारी तिथे जाऊन बसते. त्या म्हाताऱ्या कोण, कधीच्या, आपल्यावर खूश आहेत की नाहीत... तिला काही म्हणजे काही ठाऊक नाही.

परवा मी तिच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "एकदा वळून बघ तरी."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता.

"तूही बघू नकोस," ती म्हणाली.

"आत्ता तर मुळीच नको."