असे वाचावे

डब्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि त्या चिठ्ठीत तीन चुका होत्या.

सकाळचे सात वाजले होते. पाऊस अगदी बारीक… छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडावी तर केस भिजावेत, असा. गल्लीतल्या बाकी घरांचे हिरवे डबे रिकामे होऊन आ वासून उभे होते. फक्त तिच्या घरचा भरलेलाच. चिठ्ठीवर छापलं होतं, 'डबा उचलला नाही. कारण :' आणि पुढे निळ्या शाईत हाताने लिहिलं होतं, 'दूधाची पिशवी धूवून, सूकवून निळ्या डब्यात टाकावी.'

दुसरी कुणी असती तर तिने आधी पिशवी शोधली असती. पण ही पडली मुद्रितशोधक. अकरा वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासत आलेली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यावरून शेवटची नजर हिची फिरायची. हिच्या हातून चूक सुटत नाही, असं प्रकाशक एकमेकांना सांगत आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. लहानपणी पाहुण्यांच्या पत्रांतल्या वेलांट्यासुद्धा दुरुस्त करायची, म्हणून घरात तिचं नाव वेलांटी पडलं ते कायमचंच. तर वेलांटीने अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल काढली आणि चिठ्ठी दुरुस्त करायला घेतली.

"कारण पटलं नाही का?"

ती दचकली. मागे एक माणूस उभा होता. अंगात रेनकोट, काखेत नोंदवही, हातांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. विभागाचा कचरा निरीक्षक. गल्लीत त्याला सगळे लालचिठ्ठी म्हणत, हे तिला ठाऊक होतं. पण लालचिठ्ठीचे डोळे इतके हसरे आहेत, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"कारण पटलं," ती म्हणाली. "लिहिणं पटलं नाही. दुधाची, धुवून, सुकवून… तिन्ही ऱ्हस्व. एका चिठ्ठीत तीन चुका."

तो वाकून पाहू लागला. "पण दूध तर दीर्घ असतं ना? शाळेत तसंच शिकवलंय."

"एकटं असतं तेव्हा दीर्घ. पुढे 'ची' लागलं की ऱ्हस्व. दूध, पण दुधाची. फूल, पण फुलाचा."

"का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. लोक एक तर मुकाट्याने मान डोलवत, नाही तर तोंड वाकडं करत.

"का म्हणजे…" ती अडखळली. "शेजारी कुणी येऊन बसलं, की आपण थोडं सरकून जागा देतो ना — तसंच असेल."

तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग नोंदवहीत काहीतरी टिपून घेत म्हणाला, "म्हणजे माझ्या तीन चुका आणि तुमच्या डब्यात एक. तरी डबा तुमचाच राहिला."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, नियम," असं म्हणत तो पुढच्या घराकडे निघून गेला. ती मात्र भिजत तिथेच उभी होती, हातात पेन्सिल घेऊन.

घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. पिशवी टाकली होती आत्यानेच. "पिशवीला काय आंघोळ घालू?" आत्या म्हणाली. पण त्या दिवसापासून ओट्याशेजारच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या चिमट्यांना लटकू लागल्या.

ओला कचरा न्यायला गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, सुका न्यायला बुधवारी. वेलांटी आधी आठपर्यंत लोळत पडायची. आता ती सातच्या आत खाली हजर असे. कधी डब्याचं झाकण पुसायचं म्हणून, कधी उगीचच. लालचिठ्ठी येई, डबा उघडून बघे, आणि दोघांचं थोडं बोलणं होई. प्रत्येक वेळी त्याच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तिला एखादी चूक सापडे. एखादीच. चूक समजावून सांगण्यात पाच मिनिटं सहज जात.

एकदा आत्याच्या हातून पेला फुटला. आत्याने तुकडे कागदात बांधून निळ्या डब्यात टाकले. लालचिठ्ठीने ती पुडी बाहेर काढली, स्वतःजवळच्या जाड पुठ्ठ्यात पुन्हा गुंडाळली, दोरीने बांधली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काच. सांभाळून.'

"एवढं कशाला?" तिने विचारलं.

"गाडीवरच्या मावशींचा हात जातो ना यात. मीही चार वर्षं गाडीवर होतो." त्याने हातमोजा खाली सरकवला. तळहातावर पांढरी पडलेली एक लांब खूण होती. "डब्यात हात घालणारा माणूस घरातल्यांना दिसत नाही. तो दिसला असता, तर एवढे नियम लागलेच नसते."

मग तिने हळूच विचारलं, "डब्यावरून तुम्हाला घरातलं सगळं कळत असेल, नाही? कोण आजारी आहे, कुणाकडे भांडण झालंय…"

"कळतं."

"मग सांगा ना. समोरचे मास्तर काय काय टाकतात?"

"डबा बघायचा," तो हसून म्हणाला, "घर नाही बघायचं."

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. चुका तर तीही रोज दाखवत होती. पण आपण चूक दाखवली की समोरच्याची मान खाली जाते, आणि हा दाखवतो तर माणूस हसत घरी येऊन पिशव्या धुवायला लागतो. हे आपल्याला कधी जमलं नाही, असं तिला प्रथमच वाटलं. आणि तो माणूस तिला आवडला. आवडला म्हणजे, नुसता चांगला वाटला असं नव्हे. आवडला.

पुढे तर पंचाईतच झाली. डब्यात चूक निघेना, त्यामुळे चिठ्ठी मिळेना. एका शुक्रवारी तिने मन घट्ट केलं आणि न धुतलेली दुधाची पिशवी हिरव्या डब्यात, अगदी वरच, दिसेल अशी ठेवली. त्याने झाकण उघडलं, पिशवी पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हे मुद्दाम केलेलं आहे.'

तिचे कान तापले. "शुद्धलेखन… बरोबर आहे," ती कशीबशी म्हणाली.

खिडकीतून आत्याचा आवाज आला, "वेलांटी, त्यांना वर बोलाव. चहा टाकलाय. रस्त्यावर किती दिवस शिकवणार आहेस?"

त्या चहाच्या वेळीच पत्रकाची गोष्ट निघाली. विभागातल्या प्रत्येक घरात कचऱ्याच्या नियमांचं एकपानी पत्रक जायचं होतं आणि ते लिहायचं काम साहेबांनी त्याच्यावर टाकलं होतं. खाली नावही त्याचंच. "एकदा नजर टाकाल?" असं म्हणत त्याने घडी केलेला कागद पुढे केला.

वेलांटीने कागद टेबलावर पसरला, दिवा लावला, पेन्सिल घेतली. तो समोर बसून तिच्या हाताकडे बघत होता, आणि तो बघतोय हे तिला न पाहता कळत होतं. मजकूर साधा होता, नेटका होता. फक्त एक ओळ एका शब्दाने लांबली होती : 'झाडांची गळलेली, पिवळी पडलेली पाने हिरव्या डब्यात टाकावीत.' तिने 'झाडांची' हा शब्द सफाईने छाटला.

"तो असू द्या ना," तो म्हणाला.

"गळून पिवळी पडणारी पानं आणखी कशाची असतात? एक शब्द कमी झाला की ओळ बसते."

"तुम्ही म्हणता तर…" तो म्हणाला, आणि कप उचलून ओठांना लावला. कप रिकामा आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पत्रक घरोघर गेलं. पुढच्या मंगळवारी ती खाली उतरली, तेव्हा समोरचे मास्तर आपल्या हिरव्या डब्यात कागद दाबून दाबून भरत होते. जुनी पुस्तकं, वह्या, मासिकं, सगळं पिनांसकट.

"मास्तर, हे काय करताय?"

"पत्रकात लिहिलंय ना," मास्तर म्हणाले. "गळलेली, पिवळी पडलेली पाने. चाळीस वर्षं जपून ठेवली होती गं. जीव होत नव्हता टाकायला. म्हटलं, आता सरकारी नियमच आलाय, तर होऊ दे."

पुस्तकाची पानं. गळलेली पानं, पिवळी पानं… हे तर तिच्याच धंद्यातले शब्द. तिच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांना ते लागू होते. साऱ्या विभागात ही चूक जिच्या लक्षात सगळ्यात आधी यायला हवी होती, तिनेच ती केली होती. लालचिठ्ठी नेमका त्या सकाळी उरलेली पत्रकं वाटायला दुसऱ्या गल्लीत गेला होता, आणि गाडी डबे न बघताच उचलून निघून गेली.

शुक्रवारी लालचिठ्ठी आला नाही. दुसराच कुणी निरीक्षक आला आणि डब्याकडे न बघता पुढे गेला. गाडीवरच्या मावशींनी सांगितलं ते असं : पिनांनी खताची यंत्रं अडकली, दोन दिवस बंद राहिली. साहेब भडकले. त्याची फेरी काढून घेतली आणि त्याला नदीपलीकडच्या वर्गीकरण केंद्रावर पाठवलं. एक तारखेपासून कायमचं.

"पत्रक कुणाला दाखवलं होतं का, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं त्याला," मावशी म्हणाल्या. "तर म्हणाला, कुणालाच नाही. माझंच चुकलं. बिचारा."

वेलांटी वर आली आणि टेबलाशी बसून राहिली. त्याला स्वच्छ नक्कल करून दिली, तरी तपासलेला मूळ कागद ती कधी टाकत नसे. तो समोरच होता. त्याचं अक्षर, आणि 'झाडांची'वर तिची लाल रेघ. हा कागद तिच्याशिवाय कुणाकडे नव्हता. तो गप्प होता, ती गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. अकरा वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. आणि सकाळी सातला डब्याशी कुणी आलं नसतं.

"काय गं, रडतेस?" आत्याने विचारलं.

"माझ्या हातून चूक सुटली, आत्या."

"सुटली तर सुटली. पण तू काय चुकीसाठी रडत नाहीयेस," आत्या म्हणाली आणि खुंटीवरची छत्री तिच्या हातात दिली.

विभाग कार्यालयात साहेबांनी तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. "बाई, हे दाखवायची तुम्हाला काही गरज नव्हती."

"होती," ती म्हणाली. "त्यांनी बरोबर लिहिलं होतं. शब्द असू द्या, असं म्हणालेही होते. मीच ऐकलं नाही. पुस्तकात चूक राहिली तर आम्ही शुद्धिपत्र काढतो. ते मी लिहून आणलंय. माझ्या नावासकट."

साहेबांनी वाचलं : 'पत्रकात पाने असे छापले आहे, तेथे झाडांची पाने असे वाचावे. ही चूक तपासणारीची आहे, लिहिणाऱ्याची नाही.' खाली तिची सही. त्यांनी पुढ्यातला बदलीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "वाटायला माझ्याकडे माणसं नाहीत."

"मी वाटते."

तीन दिवस ती घरोघर हिंडली. प्रत्येक डब्यावर स्वतःच्या हाताने शुद्धिपत्र चिकटवलं. कुणी हसलं, कुणी टोमणा मारला, एका घरी तर तिला ओळखणारा प्रकाशकच दार उघडून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो, माझीच चूक." आणि आश्चर्य म्हणजे आकाश कोसळलं नाही. मास्तरांची टाकायची राहिलेली पुस्तकं मात्र तिने मागून घेतली आणि वर नेऊन आपल्या कपाटात लावली.

मंगळवार उजाडला. ती सातच्या आधीच खाली आली. गल्लीच्या टोकाकडे बघायचं नाही असं ठरवून, तिकडेच बघत राहिली. सव्वासात झाले. गाडी आली, एकेक डबा रिकामा होत जवळ येऊ लागला. आणि गाडीमागून, काखेत नोंदवही घेऊन, तो.

त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत फक्त भाजीची देठं होती आणि झाडांची पानं. त्याने झाकण लावलं, खिशातून आधीच लिहिलेली लाल चिठ्ठी काढून डब्यावर चिकटवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

"डबा उचलला नाही?" ती म्हणाली. "आता काय चुकलं?"

"वाचा तरी."

तिने वाचलं : 'शुद्धिपत्र. गेल्या तीन महिन्यांत मी डबा बघायला येतो असे जेथे जेथे म्हटले, तेथे तुला बघायला येतो असे वाचावे. — तुझा.'

गाडीवरच्या मावशी उगीचच दुसरीकडे बघू लागल्या. वरच्या खिडकीचा पडदा हलला.

सवयीने तिची नजर अक्षरांवरून फिरली. तुला, ऱ्हस्व. तुझा, ऱ्हस्व. पुन्हा एकदा फिरली. शेवटी ती म्हणाली, "एकही चूक नाही."

"चुका तर दुसऱ्याच आठवड्यात संपल्या होत्या," तो म्हणाला. "पुढच्या सगळ्या… मुद्दाम केलेल्या होत्या."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. 'तू' दीर्घ असतो. पुढे कुणी येऊन बसलं की सरकून 'तुझा' होतो. हे तिनेच तर त्याला शिकवलं होतं. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली. एकही चूक न उरलेल्या शेवटच्या मुद्रितावर शोधक जे लिहितो, तेच तिने त्या चिठ्ठीवर, समासात, नीट अक्षरांत लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि खाली सही केली.

त्याने ते वाचलं. मग चिठ्ठी अलगद सोडवून नोंदवहीत जपून ठेवली आणि मावशींना हाक मारली, "मावशी, डबा उचला."