चौथ्या पानाचा वाचक

"तीनशे बारा वेळा संगणकावर उतरवून घेतलाय क्वर्कचा हा निबंध," विभागप्रमुख प्राइस म्हणाले. "आणि आपल्या लेखनात संदर्भ कुणी दिलाय? एकानेही नाही. सगळ्या प्रती पायपरच्या खाडीवरच्या वाचनालयातून. क्वर्कचं घर कुठे? तिथेच. आणखी काय पुरावा हवा?"

ग्लेनिस टिअर्नी होबार्टच्या त्या विद्यापीठाची ग्रंथपाल. स्वतःच निबंध उतरवून खोटे वाचक दाखवले, या आरोपावरून शुक्रवारी समितीपुढे ॲलिस्टर क्वर्कची नोकरी जाणार होती. सहा वर्षं हा गडी कोपऱ्यातल्या खोलीत एकटाच खाडीच्या पाण्याचे आकडे मांडत बसलेला. चहालासुद्धा त्याला कुणी हाक मारत नसे.

"तूच केलंस का?" तिने क्वर्कला सरळ विचारलं.

"नाही. पण रोज सकाळी तो आकडा बघतो. वाढला की बरं वाटतं. कुणीतरी आहे, असं."

तिने तारखा काढल्या. त्यांतल्या अकरा दिवशी क्वर्क होबार्टला वर्गात शिकवत होता. आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी खाडीवर पाऊस झालेला. तिने गाडी काढली.

वाचनालयात छपाईयंत्रासमोरच्या गालिच्यावर चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले होते.

"दर वेळी त्या पाण्याच्या निबंधाचं चौथंच पान छापतो मेला," तिथली बाई वैतागून म्हणाली. "गालिच्याची पार वाट लावली."

"कोण?"

बाईने खिडकीतून धक्क्याकडे बोट केलं.

धक्क्यावर मर्व्ह डॉबी कालवं धूत होता. ती पिकवणं हाच त्याचा धंदा.

"हो, मीच," तो म्हणाला. "पाऊस झाला की कालवं काढायला बंदी. खाडी परत खारी व्हायला किती दिवस, ते चौथ्या पानावरच्या तक्त्यात आहे. कागद होडीत नेला की भिजून लगदा होतो. मग पुढच्या पावसाला नवा."

"प्लास्टिकच्या पिशवीत घालावा की."

"आणि पेन्सिल कुठे चालवू, बाई? तुमच्या डोक्यावर?"

शुक्रवारी ग्लेनिसने समितीपुढे मर्व्हकडून आणलेला, पोपडे आलेला एक कागद ठेवला.

"हा तुमचा गुन्हेगार. पाऊस पडला की कागद नवा, म्हणून आकडा एकाने वाढतो. आणि संदर्भ देतो तो निबंध लिहिणारा. मर्व्ह कालवं काढतो. त्याने वाचलं, वापरलं, पोट भरलं. ते तुमच्या मोजणीत येणार कसं?"

प्राइसनी खाकरून आरोप मागे घेतला. नोकरी वाचली.

क्वर्कचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे तीनशे बारा माणसं नाहीत. एकच."

"एकच," ग्लेनिस म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. तिने कागद त्याच्याकडे सरकवला. तक्त्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'जूनचा आकडा एका दिवसाने चुकलाय. लिहिणाऱ्याला सांगायला हवं.'

क्वर्कने ते दोनदा वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याची चूक काढली होती. त्याने कोट उचलला.

"कुठे निघालास?"

"भांडायला," तो म्हणाला. "जून बरोबर आहे माझा."