निळा दिवा अजून लागत होता

रत्नागिरीच्या त्या गल्लीत घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या. टाकीतल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर वाढे. ते प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बंद पडलेल्या माणसाला जगायला लागणारं संप्रेरक ते पाण्यात सोडत. सकाळी एक पळी पाणी प्यायलं की काम झालं. थराचा तुकडा एका घरातून दुसऱ्या घरी जाई, म्हणून लोक त्याला समुद्रविरजण म्हणत.

रोगजंतू वाढू नयेत म्हणून पाणी एका नळीतून फिरे. नळीत अतिनील दिवा असे. त्याच्यासमोरून जाणारं सगळं मरे. दगडाला चिकटलेलं विरजण वाचे.

मधुसूदन भाटकरांची बायको इंदुमती रोज हेच पाणी घ्यायची; यकृत निकामी होऊन ती गेली, त्याला महिना झाला होता. डॉ. फरीदा मुकादम यांनी टाकीचं पाणी तपासून त्यांना बोलावलं.

"काका, दिवा कधी बदललात?"

"बदलायचा कशाला? तीन वर्षं लख्ख निळा लागतोय. लागता दिवा कोण फेकतं?"

"निळा दिसतो तो उजेड जंतू मारत नाही. मारतो तो डोळ्यांना दिसत नाही, आणि तो वर्षा-दीड वर्षात मंदावतो."

"इंदू म्हणायचीच, तुमच्यासारखे चिकट तुम्हीच."

फरीदा हसल्या नाहीत. "थरातून रोज थोडे जिवाणू सुटतात. चांगला दिवा त्यांना मारतो. तुमचा नुसता भाजत होता. त्यातले काही बदलून परत दगडावर बसले. आता ते संप्रेरकाबरोबर एक विषही सोडतात. ते यकृतात साठतं."

"रोजची पळी मीच द्यायचो तिला," भाटकर म्हणाले.

"चौदा महिने ते विष पोटात गेलं त्यांच्या. काका, तुमचं विरजण किती घरांत गेलंय, ठाऊक आहे ना?"

"सतरा घरांत. त्यात लेकीच्याही, केतकीच्या. तिलाही लग्नाच्या तोंडावर आईचाच आजार निघाला. पाच महिन्यांपूर्वी रुखवतात ठेवलं होतं, सजवून."

"सतराही घरांचं मी तपासलं. सगळ्यांत तेच आहे."

"मग नवं द्या!"

"स्वच्छ विरजण आता कुठेच उरलेलं नाही. नवं घडवायला वर्ष लागेल. या संप्रेरकाच्या गोळ्यांचे कारखाने कधीच बंद झाले."

"पाणी सोडलं तर पोर किती दिवस काढेल?"

"आठ."

भाटकरांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"बाबा? एवढ्या सकाळी? जेवलात का काल, की पुन्हा चहाबिस्किट?"

"तू पाणी घेतलंस?"

"पळी हातातच आहे. का हो? आवाज असा का येतोय तुमचा?"

भाटकरांनी फरीदांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"बाबा, बोला ना. घेऊ की नको?"

"घे," भाटकर म्हणाले. ती प्यायल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी फोन कानाला धरून ठेवला.